चाळणीवरचा मळ

कारखान्याच्या पूडघरातल्या त्या बाईंना सगळे चाळणीमावशी म्हणत. टंगस्टनची करडी पूड चाळण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. ती पूड इतकी जड, की लहानसा डबा उचलतानाही नवख्याचा खांदा भरून येई. तिच्यात केस, धूळ, गंजाचा कण, काही म्हणता काही जाऊ द्यायचं नाही, हे मावशींच्या अंगात पुरतं भिनलं होतं. घरी सुनेनं निवडलेले तांदूळही त्या पुन्हा निवडत. सून तोंडावर काही बोलत नसे, माघारी काय बोलत असेल ते न विचारलेलंच बरं.

निवृत्तीला चार महिने उरले असताना एक तरुण इंजिनिअरबाई आल्या आणि त्यांनी टंगस्टनमध्ये शेकडा एक या प्रमाणात ऑक्साइडची पांढरी पूड मिसळायला सांगितली. मावशींना ते ऐकवेना.

"अहो बाई, जन्मभर मळ काढला, आता आपल्या हातानं घालू?"

"भट्टीत दोन हजार अंशांवर टंगस्टनचे दाणे वाढत जातात, एकमेकांवरून सरकतात आणि टंगस्टनची सळई लवते," बाईंनी समजावलं. "ही बारीक पूड मधे बसली, की त्यांना वाढूही देत नाही आणि सरकूही देत नाही."

"म्हणजे दोन जावांच्या मधे सासू बसवायची!"

बाई खळखळून हसल्या. दोन्ही प्रकारची पूड एका ड्रममध्ये दळणाऱ्या जड गोळ्यांबरोबर दिवसभर फिरली, मग मावशींनी मिश्रण चाळलं, त्याच्या सळया झाल्या आणि भट्टीत गेल्या. सळई वाकली. दुसऱ्या खेपेला पुन्हा वाकली. तिसरी वाकली तोवर तीन महिने सरले होते. मॅनेजर म्हणाले, "आता पुरे. हे मिश्रण निकामी आहे, असा अहवाल सोमवारी पाठवतो."

बाई पूडघराबाहेरच्या स्टुलावर मांडीवर सळई घेऊन बसल्या. "इथं यायच्या आधीपासून दोन वर्षं चुकीच्या गोष्टीमागे घालवली हो मावशी," एवढंच त्या म्हणाल्या.

 मावशी आत जाऊन आवराआवर करू लागल्या. चाळणीवर उरेल ते टाकायचा एक डबा होता, तो रिकामा करायला उचलला. आत पांढऱ्या गुठळ्याच गुठळ्या होत्या. तिन्ही खेपांना त्या चाळणीवर उरल्या होत्या आणि तिन्ही खेपांना मावशींच्या हातानं त्या झाडून टाकल्या होत्या. डोक्याला विचारलंसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "महिना तर राहिलाय. तोंडाला कुलूप लाव." त्याचं काही चुकत नव्हतं. पण मावशींना ती स्टुलावरची पोर डोळ्यांपुढून हलेना.

सोमवारी त्यांनी तो डबा मॅनेजरांच्या टेबलावर, बाईंच्या समोर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. बाईंनी गुठळ्या तोलल्या. "जवळजवळ सगळी पांढरी पूड इथंच आहे! आपण तीनदा नुसतं टंगस्टनच तपासलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण गुठळ्या फुटल्या नाहीत ही चूक माझी. ड्रम खूप जास्त वेळ फिरवायला हवा होता."

मॅनेजर भला माणूस होता. "मावशी, चाळणी बिघडली होती असं लिहितो. जाता जाता नावाला डाग कशाला?"

"तसं लिहाल तर माझी मागची सगळी पूड लोक शंकेनं बघतील," मावशी म्हणाल्या. "चाळणी धड आहे, साहेब. हात चुकला. माझं नाव घाला."

नाव घातलं गेलं. नियमाप्रमाणे मावशींना पूडघरातून काढून पॅकिंगला बसवलं. तिथं खोकी चिकटवताना त्यांना फार वाईट वाटे, आणि वाटतं हे त्या लपवतही नसत.

शेवटच्या आठवड्यात बाई जवळजवळ धावतच आल्या. या खेपेला मिश्रण तीन दिवस फिरवलं होतं. हातातली सळई सरळ होती.

मावशींनी ती चष्म्यापाशी धरून फिरवून फिरवून पाहिली. "पांढरं कुठं दिसत नाही ते?"

"दिसलं असतं, तर गुठळ्या राहिल्या असत्या आणि सळई वाकली असती."

"चाळली कुणी?"

बाईंनी खरं ते सांगितलं. दुसऱ्या कुणीतरी चाळली होती. ही सळई आपल्या हातची असायला हवी होती, असं मावशींना वाटलं आणि डोळे भरून आले. बाईंनी सळई परत घ्यायला हात पुढे केला, तेव्हा मावशी म्हणाल्या, "थांबा जरा, अजून बघू द्या."