खुंटीवरची दुर्बीण

परवा माझ्याच पोटाची दुर्बिणीतून तपासणी होती. खोलीत शिरले आणि जंतुनाशकाचा तो डोळे चुरचुरवणारा वास आला. समोर काचेच्या कपाटात धुतलेल्या दुर्बिणी उभ्या टांगलेल्या. त्या पाहून मी गोंधळलेच.

नव्वदच्या दशकात नेरूळच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी सिस्टर होते. आमच्याकडे एकच दुर्बीण, काळ्या लांब नळीची. डॉक्टरांचा दंडकच होता, की काम झालं की ती धुवायची, द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची आणि पुसून पेटीत ठेवायची. एका दुपारी पाहते तर आमच्या आयाबाईंनी, सारसोळे कोळीवाड्यातल्या हिराबाईंनी, ती खिडकीजवळच्या खुंटीला लटकवलेली.

"अहो, एवढी महागाची वस्तू! पडली म्हणजे?" मी ओरडले.

"वलं जालं कोन गुंडालून ठेवतं का, सिस्टर? कुजतं ना आतून."

"हे मासळीचं जाळं नाही," म्हणत मी नळी गुंडाळून पेटीत ठेवली. हिराबाई पदराला हात पुसत निघून गेल्या.

"काकू, डाव्या कुशीवर झोपा," परवाच्या त्या खोलीतली नर्स म्हणाली.

"या दुर्बिणी अशा का टांगता गं?" मी विचारलं.

"आत पाणी राहिलं तर जंतू वाढतात ना. पेटीत नाही ठेवत."

मी कुशीवर वळले. आमच्या त्या पेटीतला, नळीखालचा स्पंज तेव्हा माझ्या बोटांना ओला लागला होता, की हे मला आत्ता वाटतंय? काही केल्या ठरेना. झाकण मात्र मी दोन्ही हातांनी दाबून लावलं होतं, ते नक्की आठवतं.