काट्यावरून स्वभाव

रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत शोभेच्या माशांचं दुकान नवीनच निघालं होतं. तिथे पहिल्यांदा पाऊल टाकल्यावर आप्पा मयेकरांनी एका नारिंगी गोल्डफिशकडे बोट दाखवलं आणि दुकानदाराला सांगितलं, "याचा कल्ला उघडून दाखव बघू." मासा काचेपलीकडे मजेत फिरत होता. दुकानदार तरुण होता, मुंबईत धंदा शिकून आलेला. कल्ला उचलून आतली लाली बघायची ती बाजारातल्या मेलेल्या माशाची, एवढं त्यालाही ठाऊक असणार. तो चाचरत म्हणाला, "आप्पा, जिवंत आहे तो."

"जित्ता हाय ते मलापण दिसतंय. ताजा हाय काय ते सांग."

मी शेजारीच उभी होते. हसू दाबायला मी शंखशिंपल्यांच्या कपाटाकडे तोंड फिरवलं. आप्पा मात्र पूर्ण गंभीर होते. मासळीची पारख ही त्यांच्या लेखी एकच विद्या होती आणि ती त्यांना येत होती. मासा शेवटी ताटात जायचा की टाकीत, हा तपशिलाचा भाग.

मी त्यांची भाडेकरू. १९९८ साली शाळेतल्या नोकरीसाठी वाईहून रत्नागिरीला आले आणि त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत उतरले. मी शाकाहारी असल्याचं कळल्यावर आप्पांनी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं होतं. "बाई, तुम्ही वांगी खाणारी माणसं. तुमची पण काय चूक नाय," असं म्हणून त्यांनी मला मोठ्या मनानं माफ केलं. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून सारी नोकरी झाल्यामुळे त्यांचा आवाज फलाटावरचा होता. ते पत्नीला चहा मागत तेव्हा कुठलीतरी गाडी सुटते आहे असं वाटे.

पत्नी म्हणजे माई. त्या मालगुंडच्या, भिक्षुकी चालणाऱ्या घरातल्या. आप्पांशी त्यांनी लग्न ठरवलं तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींचं आयुष्यात एकदाच एकमत झालं: हे जमायचं नाही. जमलं कसं, तर माईंनी स्वयंपाकघरात दोन चुली मांडल्या. एकीवर त्यांचं वरण, दुसरीवर आप्पांचं कालवण. माशाचा तुकडा त्यांनी कधी जिभेला लावला नाही, पण कालवणात मीठ कमी आहे की जास्त, ते वासावरून सांगायच्या. आप्पा पाहुण्यांना सांगत, "हिच्या हाताला चव हाय, कारण ही चाखत नाय. चाखणारी बाई अर्धं लक्ष स्वतःच्या जिभेकडं ठेवते."

या माईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घशातून नुसता 'अ अ' असा आवाज यायचा, मग तोही त्यांनी बंद केला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायच्या. डॉक्टरांनी आप्पांना पडवीत बोलावून सांगितलं, की वाचा परत येऊ शकते, पण आधी त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे. त्यांचं मन कशाततरी गुंतवा. टीव्हीनं त्यांचं डोकं दुखायचं. तेव्हा मुंबईत राहणाऱ्या त्यांच्या मुलानं दोन फुटी काचेची टाकी आणली, पलंगासमोर मांडली, पंप चालू करून दिला आणि रजा संपली म्हणून परत गेला. टाकीत कोण कुणाबरोबर राहू शकेल, ते ठरवायचं काम आप्पांच्या पारखीवर येऊन पडलं.

आप्पांचा यावर एक सिद्धान्त तयार होता. माशाचा स्वभाव त्याच्या काट्यावरून कळतो. "ज्याचा काटा मऊ तो गरीब. बोंबील बघा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अंगात काटे फार, तो तापट." मी म्हटलं, बोंबील समुद्रात दिसेल ते गिळतो असं मी वाचलंय. त्यावर ते म्हणाले, "पुस्तकातल्या माशाला चव असते काय, बाई?" शिवाय त्यांना नोकरीतला अनुभव होता. कोण कुणाशेजारी बसला तर गाडी हातखंब्याला पोचायच्या आत भांडण होईल, हे आपण चेहऱ्यावरून सांगायचो, असं त्यांचं म्हणणं. गाडीतली भांडणं मी पाहिली नाहीत, पण टाकीतली पुढे भरपूर पाहिली.

तर त्या दुकानातून आप्पांनी दोन गोल्डफिश घेतले, लांब झुळझुळीत परांचे दोन एंजल घेतले आणि पट्ट्यापट्ट्यांचे टायगर बार्ब मूठभर घेतले. पट्टे बघून त्यांना बांगडा आठवला होता. "बांगडा कळपानं फिरतो. कळपातला मासा भांडत नाय, त्याला सवडच नसते." हे सगळे एकत्र चालतात ना, असं मी दुकानदाराला विचारलं. "चालतात," तो म्हणाला. हा माणूस कुठल्याही प्रश्नाला हेच उत्तर देतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

टाकीत मासे सोडले त्या संध्याकाळी माईंनी मान वळवली. भिंतीकडचं तोंड टाकीकडे आलं. आप्पा दारात उभे राहून ते बघत होते आणि नाक शिंकरायला उगाचच दोनदा मागच्या दारी गेले. पण आठवडा व्हायच्या आत पट्टेवाल्यांच्या टोळीनं एंजलचे पर कुरतडून त्यांच्या चिंध्या केल्या. आधी एक गेला, मग दुसरा. माईंनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं आणि मऊ भाताचा चमचा पुढे आला की ओठ मिटून घ्यायला लागल्या. त्या रात्री आप्पा पडवीच्या पायरीवर बसले होते. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "बाई, मी तिला मारामारी बघायला आणून दिली," ते म्हणाले. 

टोळी परत गेली. दुकानदारानं बदल्यात गप्पी दिले, "हे चालतात" म्हणून. नखाएवढे, रंगीत शेपट्यांचे, निरुपद्रवी. गोल्डफिश आपल्या तंद्रीत, गप्पी आपल्या धांदलीत, असे बरे दिवस आले. माई टाकीकडे बघत भात खायला लागल्या. आप्पांचं तेवढं अवघड झालं. आता स्वतःची मासळी ते स्वतः रांधत, आणि जेवायचे माईंच्या खोलीतच, कारण त्यांना एकटं जेवू द्यायचं नाही असा नेम. पण टाकीतल्या माशांसमोर सुरमईचा तुकडा मोडायला त्यांचा जीव धजेना. मग ते जेवायला बसताना टाकीवर टॉवेल टाकायचे आणि हात धुऊन आल्यावर काढायचे. माईंच्या चेहऱ्याची जी बाजू हलत होती ती टॉवेल पडला की किंचित हसायची, असं मला वाटे.

एवढ्यावर थांबले तर ते आप्पा कसले. एक दिवस ते खेडला जुन्या मित्राकडे गेले आणि येताना दुधाच्या किटलीत जगबुडी नदीतली बोटभर मरळ घेऊन आले. एस.टी.त ती किटली सबंध रस्ता मांडीवर धरली होती. "हे सगळे परगावचे, बाई. टाकीत एकतरी आपल्या पाण्यातला हवा. तो बाकीच्यांना वळण लावतो." मी स्वतः परगावची असल्यानं गप्प बसले. मरळीला काटा जवळजवळ नसतो, आणि त्यामुळे सिद्धान्ताप्रमाणे ती संतच. दिसायलाही तशीच. कोपऱ्यातल्या दगडाआड न हलता बसून असायची. आप्पा कौतुकानं म्हणायचे, "गरीब गो माझी बाय ती. कुणाला कळतपण नाय, घरात हाय म्हणून."

आणि गप्पी कमी व्हायला लागले. आप्पांचा संशय शेजारच्या मांजरावर गेला. मांजर खिडकीत बसायचं हे खरं, पण ते सगळ्यांच्याच खिडकीत बसायचं. आप्पांनी टाकीवर काच टाकली, काचेवर पोळपाट ठेवला, पोळपाटावर दगड ठेवला. गप्पी कमी होतच राहिले. "मांजर सरकवतंय दगड," आप्पा म्हणाले. मलाही मरळीचा वहीम आला नाही. ती इतकी शांत होती, आणि मी तर वांगी खाणारी. काय चाललंय ते एकट्या माईंना दिसत होतं. त्या दिवसभर टाकीसमोर पडून होत्या आणि त्यांना बोलता येत नव्हतं. त्या डाव्या हाताचं बोट टाकीकडे करायच्या. आप्पांना वाटलं, मरळ त्यांना आवडली. त्यांनी पलंग ओढून आणखी जवळ केला.

गप्पी संपले. मरळ वीतभर झाली. मग धाकटा गोल्डफिश एका सकाळी दिसेना. मी शाळेला जायच्या आधी माईंना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे, तशी बसले होते. आप्पा दगड, पोळपाट, काच असं सगळं उतरवून टाकीत हात घालून गोल्डफिश शोधत होते आणि मांजराचा उद्धार करत होते. तेवढ्यात पलंगावरून घोगरा, जडावलेला, पण अगदी स्पष्ट आवाज आला.

"अहो. तळा हिला."

आप्पांचा हात पाण्यातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी बोलले असेन म्हणून. मी मानेनंच नाही म्हटलं. माईंचं डावं बोट मरळीवर रोखलेलं होतं. "काय म्हणालीस गो?" आप्पांनी विचारलं. माईंनी श्वास घेतला आणि एकेक शब्द ओढून काढत म्हटलं, "मसाला... लावून."

भिक्षुकाच्या घरातल्या, जन्मात मासा न चाखलेल्या बाईची वाचा परत आली ती अशी. आप्पा ओल्या हातानं पलंगाच्या कडेवर बसले आणि फलाटावरच्या आवाजात रडले. मीही रडले. शाळेला उशीर झाला. मुख्याध्यापकांना कारण काय सांगायचं, हे मला वाटभर सुचलं नाही.

मरळ काही तळली गेली नाही. आप्पांना ते झेपेना. जिच्यामुळे माई बोलली तिला मी गिळू काय, असं ते विचारायचे, आणि उरलेला गोल्डफिश दुकानात देऊन टाकी त्यांनी तिच्या एकटीच्या नावावर केली. त्यांच्या सिद्धान्ताला मात्र ओरखडाही गेला नाही. ती गरीबच, पण जागा लहान पडली. दोन फुटांत संतसुद्धा भांडेल, असं त्यांनी मला ऐकवलं. मी म्हटलं, तुमचं दोन चुलींचं स्वयंपाकघर तरी कुठे मोठं होतं? 

"आमचं वेगळं," ते म्हणाले. "जमतंय असं वाटलं की माणूस बेफिकीर होतो. आमचं जमायचं नाय हे पहिल्या दिवसापासून म्हाईत. म्हणून जपून राहिलो."

पुढे मी वाईला परतले. काही वर्षांनी एका विद्यार्थिनीच्या लग्नाला रत्नागिरीत आले तेव्हा कळलं, आप्पा आदल्या वर्षी गेले. धडधाकट माणूस, झोपेतच गेला. मी घरी गेले. माई पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या, बोलणं सावकाश, पण नीट. आत टाकी तिथेच होती आणि दगडाआड मरळ होती. मुलगा मुंबईला चल म्हणतो, पण या मरळीचं तिथे कुणाशी जमणार, असं माईंनी मला सांगितलं. 

तेवढ्यात पायरीशी मासेवाली आली. घरात खाणारं माणूस उरलं नव्हतं, तरी तिची पाटी रोजच्यासारखी खाली उतरली. मरळीसाठी चार पेडवे, बोटभर लांबीचे स्वस्त मासे, तिनं केळीच्या पानावर ठेवले. माई खुर्चीतून पुढे झुकल्या. आयुष्यभर मासळीला हात लागला की त्या न्हाणीत जाऊन हात धुवायच्या, पण आता त्यांनी डाव्या हातानं एक पेडवा उचलला, अंगठ्यानं कल्ला वर केला, उन्हाकडे धरून बघितला आणि पान मासेवालीकडे परत सरकवलं.

"कालचे आहेत गो," त्या म्हणाल्या. "हिलाही शिळं चालत नाही."