सासूबाईंची टेप आणि माझा एक्सल

मागचा एक्सल मोडलेला होता, एवढं सोडलं तर आमच्या लाल गाडीत काहीही दोष नव्हता.

गाडी माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तरुणपणी भयंकर पळायची, आवाज करायची, पेट्रोल प्यायची. आता गॅरेजमध्ये चादर पांघरून पडून असते. (यात माझ्याशी काही साम्य वाटलं तर ते आमच्या हिला आधीच सुचलेलं आहे.) मी ती विकत घेतली तेव्हा मेधानं, म्हणजे बायकोनं, एकच विचारलं होतं, "चालते का?" मी म्हटलं होतं, "चालेल." व्याकरणातल्या या एवढ्याशा फरकात आमची सहा वर्षं गेली.

आम्ही राहतो नोव्हायला, गाड्यांच्या कारखान्यांच्या मुलखात. इथल्या निम्म्या मराठी माणसांसारखा मीही ऑटोमध्ये आहे. ऑटोमध्ये म्हणजे, मी लिहितो त्या कोडनं गाडीची सीट गरम होते. सीटच्या खाली काय असतं ते मला माहीत नाही. पण इथल्या मराठी मंडळात कुणाची गाडी कुरकुरली की लोक म्हणतात, "सुधीरला विचार यार, तो ऑटोमध्ये आहे," आणि मी त्यांना विचारू देतो. माणसाला काहीतरी मान लागतोच.

तर यंदा सासूबाई तिसऱ्यांदा आल्या. नागपूरला परत जायला तीन आठवडे उरले असताना एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुमची ती लाल गाडी एकदा तरी चालणार आहे का?"

"का हो आई?"

"मी भिशीत सांगून बसलेय."

"काय सांगून बसलात?"

"की जावयाच्या लाल गाडीतून नायगारा बघितला."

नायगारा त्यांनी पहिल्या खेपेला आमच्या करड्या मिनिव्हॅनमधून बघितला होता. मागच्या सीटवर, ढोकळ्याच्या डब्याशेजारी.

"आता शोभा म्हणते, व्हिडिओ दाखव. गेल्या गेल्या पहिली भिशी माझ्याकडेच आहे. आणि या गुडघ्यांनी पुढच्या खेपेचं काही खरं नाही हो."

त्यांनी हे इतक्या साधेपणानं सांगितलं की मला वाईट वाटलं. माझ्या गाडीसाठी कुणी खोटं बोललं होतं, आणि तेही कौतुकानं. मी म्हटलं, "आई, तुम्ही त्या गाडीत बसल्याशिवाय विमानात बसणार नाही." मेधा कॅलेंडरवर दिवस मोजायला लागली.

एक्सल म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा जाडजूड लोखंडी दांडा, त्याच्या मधोमध एक भोपळा. आमचा भोपळा फुटला होता. नवा घ्यावा, तर एका दुकानदारानं फोनवर जो आकडा सांगितला, त्यात मी पूर्वी आख्खी गाडी घेतली होती. दुसऱ्यानं आकडा सांगण्याआधी, मी बसलोय का ते विचारलं. शेवटी मी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं : 'जुना एक्सल हवा आहे, स्वस्तात. कुणाकडे असल्यास कळवा.'

पाच मिनिटांत एका काकांचं उत्तर आलं, 'जुनं कशाला, नवीन एक्सेल शिकवतो. शनिवारी या. पिव्होट टेबलसुद्धा करू.' त्याखाली सात जणांनी आपापली नावं घातली. क्लास सुरू झाला, तो अजून चालू आहे. एक्सल मिळाला नाही.

मग शेजारचा गॅरी मदतीला आला. गॅरीनं तीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात काढली आहेत. तो म्हणाला, "बडी, जुन्या गाड्यांच्या यार्डात शोध. पण रुंदी नीट मोजून घे, चाक जिथे बसतं त्या एका तबकडीपासून दुसऱ्या तबकडीपर्यंत. माझी स्टीलची टेप देऊ?"

मी म्हटलं, "आय हॅव इट, गॅरी. आय वर्क इन ऑटो."

घरात टेप एकच होती, सासूबाईंनी पहिल्या खेपेला आणून इथेच ठेवलेली, शिवणाची, पिवळी. चांगली टेप. माझी उंचीसुद्धा त्याच टेपनं मोजलेली आहे, पाच फूट आठ इंच. गॅरेजच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं लिहूनही ठेवली आहे. (मेधा तिच्या लायसन्सवर पाच-सहा. फोटोत ती माझ्याहून उंच दिसते ते सँडलमुळे. डॉक्टरकडची नर्स दरवर्षी काहीतरी भलतंच लिहिते, पण त्यांच्या मशीनचं काय घेऊन बसायचं.) मी गाडीखाली सरपटत गेलो, टेपचं टोक एका तबकडीला चिकटवलं आणि दुसरीकडे जाऊन इंचांचा आकडा वाचला. एकोणसाठ. पुन्हा मोजलं. एकोणसाठ. तिसऱ्यांदा मोजलं, कारण मी शास्त्रीय माणूस आहे. एकोणसाठ.

बाहेर आलो तेव्हा कंबर धरली होती. ती अजून सुटलेली नाही.

यार्ड सापडलं ते ओहायोत, अडीच तासांवर. मिनिव्हॅनच्या सीटा काढून, खाली सतरंजी अंथरून गेलो. यार्डवाला म्हातारा गाडीचं नाव ऐकून म्हणाला, "तुझ्या गाडीला सत्तावन्न इंची लागतो. तो बघ, तिथे पडलाय."

"एकोणसाठ," मी म्हणालो.

"सत्तावन्न असतो."

"मी मोजलंय. तीनदा."

त्यानं डोकं खाजवलं. "सत्तावन्नचा शंभर डॉलरनं स्वस्त आहे."

या देशात कुणी दुकानदार तुम्हाला आपण होऊन स्वस्त वस्तू देऊ लागला तर थांबून विचार करावा. मी केला नाही. मी त्याला, आपण कुठे काम करतो ते सांगितलं. म्हाताऱ्यानं जास्तीचे शंभर डॉलर मोजून घेतले. एकोणसाठचा एक्सल सतरंजीत गुंडाळून मी घरी आलो. मिनिव्हॅनला ग्रीसचा वास अजून येतो, सतरंजी मेधानं टाकून दिली.

सासूबाईंचं विमान मंगळवारी. शनिवारी गॅरीनं आणि मी, म्हणजे गॅरीनं, दिवसभर खपून एक्सल बसवला. चाकं चढवली, जॅक काढला, आणि दोघंही दोन पावलं मागे सरकलो.

मागची चाकं दोन्हीकडून एकेक इंच बाहेर आली होती.

"हं," गॅरी म्हणाला. मग गाडीला एक फेरी मारून म्हणाला, "स्टान्स चांगला आलाय. पाय रोवून उभी आहे."

"सत्तावन्नच पाहिजे होता," मी म्हणालो. "पण टेपवर एकोणसाठ आलं, तीनदा आलं."

सासूबाई दारात उभ्या होत्या. "कुठल्या टेपवर? माझ्या? अहो, मग त्यातून दोन वजा करायचे ना."

"काय?"

"तिची पुढची पत्र्याची पट्टी निघाली होती, मग धागे निघायला लागले, म्हणून मी दोन इंच कापून टाकले. मेधाला माहितीय की."

"मला माहितीय," मेधा म्हणाली. "तू विचारलंस कुठे?"

मी टेप घेऊन बघितली. टेप दोनपासूनच सुरू होत होती. आता टेपची सुरुवात कोण बघतो? आकडा दुसऱ्या टोकाला असतो. मी तिथेच गॅरेजच्या पायरीवर बसलो. सत्तावन्नचा एक्सल ओहायोत पडला होता, रविवारी यार्ड बंद, आणि सोमवारी जाऊन आणला तरी बसवायला दिवस उरत नव्हता. मी म्हटलं, "आई, माफ करा. नाही जमलं."

गॅरी खाली वाकून चाक बघत होता. तो म्हणाला, "मागे कुणी बसलं तर टायर पत्र्याला घासेल. एकच पॅसेंजर, पुढच्या सीटवर. ताशी तीन मैल."

रविवारी सकाळी सासूबाई इरकल नेसून, गॉगल लावून पुढच्या सीटवर बसल्या. सबडिव्हिजनच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, तोंडाशी एक तळं आहे, त्यात कारंजं. तिथपर्यंत गेलो. शेजारून मेधा फोन धरून चालत होती, आणि खरं सांगायचं तर ती आमच्या पुढे होती. स्पीड ब्रेकरवर मागून 'खर्र' झालं. सासूबाई म्हणाल्या, "दमदार आवाज आहे हो."

तळ्यापाशी मी गाडी थांबवली. त्यांनी पदर सारखा केला, हात हलवला. "मेधा, पाणी तेवढं घे. बदकं नको."

व्हिडिओ मी पाहिला. जवळून घेतलेला नायगाराच म्हणायचा. शोभाताईंची आता बोलायची सोय राहिली नाही. त्या सकाळी सहा वर्षांत पहिल्यांदा मला ती गाडी घेतल्याचं समाधान वाटलं.

घरी आल्यावर मेधा टेप गुंडाळायला लागली. गुंडाळता गुंडाळता थांबली आणि दाराच्या चौकटीकडे बघत राहिली.

"सुधीर, ही टेप साठ इंचांपर्यंतच आहे."

"मग?"

"मग तुझी उंची मोजताना ती दोनदा लावली असणार. एकदा जमिनीपासून, एकदा वर."

"मग?"

"दोन आणि दोन, चार. पाच-आठातून चार वजा."

सासूबाईंनी मान वळवून पदर तोंडाला लावला.  माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सवर पाच फूट आठ इंच लिहिलेलं आहे, आणि ते रिन्यू व्हायला अजून दोन वर्षं आहेत. तोवर मी एकोणसाठच्या एक्सलवरच चालणार आहे.