कोतवालमामांची मोजणी

कामरगावचे आमचे कोतवालमामा मेलेल्या बकऱ्यांपेक्षा रिकामे खुंटे मोजायचे. गारपीट झाली की पंचनाम्याला तलाठ्याच्या पुढे मामा. कोणी पाच बकऱ्या मेल्याचं सांगितलं की मामा सरळ गोठ्यात शिरत. "खुटे तं दोनच हायेत रे! बाकीच्या तीन काय आढ्याले टांगल्या होत्या?" सगळी आळी हसायची, मालकसुद्धा.

पण साहेबांनाही ते सोडत नसत. एका साहेबानं चिखल बघून गाडीत बसूनच 'नुकसान निरंक' लिहायला घेतलं. मामांनी जीपचं दार उघडलं. "खाली उतरा साहेब. निरंक जीपीतून दिसते, मेलेलं ढोर पायी गेल्यावरच दिसते." साहेब उतरले, आणि एक बूट चिखलात ठेवून परत आले.

निवृत्त झाल्यावर मामांनी सलूनच्या बाकड्यावर ठाण मांडलं. गेल्या वर्षी परदेशातल्या लढाईत एका लष्करी मुख्यालयावर क्षेपणास्त्रं पडली. टीव्हीवर मारणारे म्हणत, शेकडो अधिकारी ठार. मार खाणारे म्हणत, कोणाला खरचटलंही नाही. सलूनमध्ये लगेच दोन पार्ट्या! माझी अर्धी दाढी साबणात, तरी मीही भांडत होतो. मामा म्हणाले, "दोघंबी जीपीतच बसून हायेत लेकहो."

तेवढ्यात शेजारच्या वच्छलाकाकू धावत आल्या. त्यांचा सचिन त्याच मुख्यालयाच्या भटारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता, आणि त्याचा फोन सकाळपासून बंद होता. "भाऊ, यातला कोनता आकडा खरा?"

डोळ्यांनी बघितल्याशिवाय कोंबडी मेली असंही न म्हणणारा हा माणूस. पण तो लगेच म्हणाला, "दुसरा. कोनालेच काई झालं नाई, वयनी. घरी जा, चार घास खा."

काकू गेल्या. मला रागच आला. "मामा, खोटं काहून बोलले तुमी?"

"मंग काय सांगू तिले?" ते माझ्यावरच खेकसले.

तिसऱ्या दिवशी सचिनचा व्हिडिओ कॉल आला. हात गळ्यात बांधलेला, पण पोरगा जिवंत! काकू रडल्या, मीही रडलो, लपवायचं काय त्यात. मामांनी फोन ओढून घेतला. "बाप्पा, तुयासंगचे पोट्टे कसे हायेत?"

सचिन म्हणाला, चार जण गेले. कोणी केरळचा, कोणी नेपाळचा. ठेकेदाराची माणसं, म्हणून दोन्हीकडच्या कोणत्याच यादीत नाहीत.

"नावं सांग," मामा म्हणाले, आणि मला कागद घ्यायला लावला.

पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर मामा उठले. चष्मा सावरत, अडखळत त्यांनी ती अनोळखी नावं वाचली आणि सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. कुजबुजणाऱ्या दोघांकडे असं बघितलं की तेही सरळ झाले.

यंदा मामाच गेले. पुण्यानुमोदनाला सचिन खास सुट्टी काढून आला होता. मामांना आदरांजली वाहून सगळे खाली बसले, हा मात्र उभाच राहिला. हातात कागद नव्हता. ती चारही नावं त्यानं मोठ्यानं घेतली, एकदाही न अडखळता, आणि आम्ही सगळे पुन्हा उभे राहिलो.