हिरवा कॅन

आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या गल्लीत एके काळी आमच्या गाडीसारख्या सहा गाड्या उभ्या असायच्या. चिनी, छोट्या, स्वस्त. शोरूममध्ये फुगे लावून, पाच वर्षांची वॉरंटी हातात देऊन विकलेल्या. आम्ही लाल घेतली. चौथ्या वर्षी एजन्सीने गाशा गुंडाळला, शोरूमच्या काचांना आतून कागद चिकटवले, आणि शहाण्या लोकांनी मिळेल त्या भावात आपापल्या गाड्या काढून टाकल्या. आम्ही शहाणे नव्हतो असं नाही. नेमकी तेव्हाच नवऱ्याची नोकरी गेली होती.

मग मला अल ऐनच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये काम मिळालं. नवऱ्याचा आणि मुलीचा व्हिसा माझ्या नोकरीवर आला. सहा महिने प्रोबेशन. मुलगी दहावीत, त्यामुळे घर हलवणं शक्य नव्हतं. सकाळी सातला लॅबमध्ये हजर व्हायचं, म्हणजे पाचला निघायचं आणि सव्वाशेहून जास्त किलोमीटर त्या लाल डबीतून जायचं. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं दारात बसलेली असायची. दोनदा ट्रॅफिकमुळे उशीर झाला, तेव्हा एचआरने गोड आवाजात सांगितलं होतं, तिसऱ्यांदा नको.

त्या उन्हाळ्यात सासरे पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आले. पुण्यात त्यांनी एकच जुनी गाडी पंचवीस वर्षं चालवली, आणि सकाळी उठल्यावर त्यांचं पहिलं काम म्हणजे बॉनेट उघडून पाणी घालणं. इथेही तेच. मी पर्स शोधत असायची तोवर ते तांब्या घेऊन खाली. पाणी घालून बॉनेटला नमस्कार करायचे. मुलगी खिडकीतून हसायची. "मम्मा, आजोबा इज वॉटरिंग द कार!"

मला बरंच वाटायचं. म्हाताऱ्या माणसाला काही काम हवं, असा माझा उदार विचार.

एकदा त्यांनी डिकीतला हिरवा कॅन वर काढला. "अगं, हे काय असतं?"

"बाबा, राहू दे ते तिथेच. हात लावू नका. नंतर सांगते." मला सात मिनिटं उशीर झाला होता.

आणखी एकदा म्हणाले, "गाडी फार पाणी पिते गं. कालच्यापेक्षा आज जास्त लागलं."

"ऊन आहे ना, बाबा," मी म्हटलं आणि काच वर केली.

ऑगस्टमध्ये, अल ऐन रोडवर, निम्म्या वाटेत बॉनेटमधून वाफ आली. मी रस्त्याच्या कडेला, शोल्डरवर थांबले. सकाळचे सहा वाजले होते आणि हवा एवढ्यातच भाजायला लागली होती. मी लॅबमध्ये फोन लावला, कुणी उचलला नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकून मी मोठ्याने रडले. शेजारून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर गाडी हलत होती.

मुसफ्फाच्या गॅरेजमधल्या पठाणाने संध्याकाळी सांगितलं, "मॅडम, कूलंट का नाम नहीं, सब सादा पानी है. पाइप लीक था. रोज पानी कम होता होगा, किसी ने देखा नहीं? अब इंजन का गॅस्केट खलास."

"पार्ट मिलेगा?"

"इस गाडी का?" तो हसला. "इन्शाल्ला."

घरी गेले तर सासरे जिन्याजवळच उभे होते. मी चपलाही काढल्या नाहीत. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला पाणी घालायला? तुम्ही मारलीत गाडी. माझी नोकरी मारलीत!" नवरा मध्ये पडला, त्यालाही झापलं. दोन दिवस सासरे नीट जेवले नाहीत, आणि मी आग्रहही केला नाही.

तिसऱ्या उशिराचं पत्र आठवड्यात आलं. गोड आवाजाची गरजच पडली नाही. प्रोबेशनमध्येच नोकरी संपली, तिघांचा व्हिसा कॅन्सल, देश सोडायला थोडे दिवस. मुलीने दार लावून घेतलं. "आय हॅव बोर्ड्स, मम्मा," एवढंच आतून ऐकू आलं.

गाडी भंगारात द्यायच्या दिवशी सासरे हट्टाने बरोबर आले. मी डिकी रिकामी करत होते. छत्री, मुलीचे शाळेचे बूट, आणि तो हिरवा कॅन. सील तसंच. मीच हौसेने आणला होता, गाडी नवी असताना.

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. "हे काय असतं, ते तू नंतर सांगणार होतीस."

टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी सांगितलं. पाण्याऐवजी हे घालतात, इथल्या उन्हात साधं पाणी उकळतं, आणि रोज कमी व्हायला लागलं की गाडी गॅरेजमध्ये दाखवायची असते. ते एकेक शब्द नीट ऐकत होते, मान हलवत होते. "अस्सं," म्हणाले. "मग मी हेच घातलं असतं की."

मला त्यांची माफी मागायची होती. पण तोंडातून निघालं ते इतकंच, "चला बाबा, ऊन लागेल."