भिंतीवरचं पातेलं

आमच्या घरी कुत्र्यासाठी रोज वेगळी डाळ शिजायची. हसा खुशाल. मीसुद्धा आधी हसलेच होते. मग हसू आटलं, ते का आटलं ते सांगते.

सगळ्या मराठवाड्याची लेकरं शिकायला लातुरात येतात, आणि आमची नात लातूर सोडून नांदेडला कॉलेजात गेली. घर सुनं पडलं. मुलगा दिवसभर डाळमिलमध्ये, सून शाळेत शिकवायला, मागं मी आणि टीव्ही. आजीला सोबत पाहिजे म्हणून नातीनंच बापाकडं हट्ट धरला आणि एका सुट्टीत येताना नांदेडहून पिवळसर पिल्लू मांडीवर घेऊन आली. लॅब्राडोर म्हणे. तिनं ठेवलेलं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर काही बसलं नाही. मी त्याला "ये रे लेकरा" म्हणते, ते येतं. घरातल्या बाकीच्यांना मी नावानं हाक मारते, ते येत नाहीत.

मोठं झाल्यावर त्याच्या अंगाला खाज सुटली, केस गळायला लागले. जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, "पाकिटातलं खाणं बंद करा. घरी शिजवून द्या, पण एकच एक नको, बदलून बदलून द्या. भात, भोपळा, गाजर आणि मुख्य म्हणजे अंडी, चिकन, कधी कलेजी. कांदा, लसूण, द्राक्षं, मीठ-मसाला अजिबात नको."

मी शेजारीच बसले होते, मला सगळं ऐकू आलं. मुलाला फक्त "बदलून बदलून" एवढंच ऐकू आलं. कारण त्यानं त्याच वर्षी गळ्यात माळ घातली होती. तेव्हापासून अंडं आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. माळेच्या आधी हाच मुलगा रविवारी मटणाची नळी चोखत बसला की दारात कलेक्टर आला तरी उठायचा नाही. असो, ते जाऊ द्या.

"डॉक्टरला काय कळतंय, आई? जे अंड्यात असतंय ते सगळं डाळीत असतंय. लातुरात राहून कुत्रं उपाशी मरंल व्हय?"

डाळमिलमध्ये काम करणाऱ्या माणसाचा डाळीवर जो भरोसा असतो ना, तो देवावरसुद्धा नसतो. सोमवारी तूर, मंगळवारी मूग, बुधवारी मसूर. गुरुवारी हरभरा, कारण गुरुवारी पिवळं. शनिवारी उडीद, कारण शनिवार. आणि एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी.

"अरे, त्याला कशाला उपास?" मी म्हणलं.

"सगळं घर धरतंय, मग ह्यानंच काय पाप केलंय?"

डाळ खाऊन कुत्र्याचं जे व्हायचं ते झालं. संध्याकाळी हॉलमध्ये बसायची सोय राहिली नाही. मुलगा पंखा वाढवून म्हणायचा, "पचन सुरू झालंय." गल्लीतली माणसं विचारायची, "काय हो, कुत्र्यालाबी माळ घातली का?" हा छाती काढून हसायचा.

पण कुत्रं वाळत चाललं. बरगड्या दिसायला लागल्या. पायऱ्या एका उडीत चढणारं लेकरू खाली उभं राहून माझ्याकडं बघायचं. एका दुपारी फरशीवर त्याचे मागचे पाय घसरले आणि ते बसलं ते बसलंच. मी त्याच्या पोटाखाली पदर घालून त्याला उठवलं. डॉक्टरला फोन लावला, तर पहिला प्रश्न, "मावशी, अंडी-चिकन सुरू केलं का?" मी म्हणलं, नाही. तो म्हणाला, "असंच चाललं तर मागचे पाय जातील. मग माझ्याकडं येऊ नका."

संध्याकाळी नातीचा व्हिडिओ कॉल. "आजी, तो उठून का येईना?" मी म्हणलं, झोपलाय. तो टक्क जागा होता.

आमच्या भिंतीपलीकडं आपा राहतात. ब्लाऊज शिवतात. घर बांधल्यापासून आमच्या गप्पा भिंतीवरूनच. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "वैनी, तुमचं कुत्रं रोजे ठेवायलंय काय? असं का वाळलं?"

मी सगळं सांगितलं. आपांनी शिवणाची सुई पदराला टोचली आणि म्हणाल्या, "मी शिजवते की. त्यात काय! पण एक हाय. त्यानं चाटलेलं भांडं माझ्या घरात न्हाई येणार. माझी नमाज हाय."

"आणि तुमचं कोंबडीचं भांडं माझ्या घरात नाही येणार. माझ्या घरात माळकरी महाराज हायत."

दोघीजणी भिंतीला धरून हसलो. मग एक जुनं जर्मनचं पातेलं काढलं, ते भिंतीवरच ठेवलं. ते ना त्यांचं, ना आमचं. आपा त्यांच्या बाजूनं वरूनच त्यात ओतायच्या. मी खाली उतरवून भिंतीच्या पायाशी ठेवायचे, अंगणातल्या नळावर धुऊन परत वर. लेकराची लाळ त्यांच्या साडीवर उडायला नको म्हणून आपा ओतलं की चार पावलं मागं. त्यांना दुःख एकच, "कांदा न्हाई, लसूण न्हाई, मीठ न्हाई. ह्याला खाना म्हणायचं? आजाऱ्यालाबी असं देत न्हाईत, वैनी!"

सून मला आत्या म्हणते. एकदा ती शाळेतून लवकर आली. तिनं पातेलं बघितलं, कुत्रं बघितलं, मला बघितलं. म्हणाली, "आत्या, ऊन फार झालंय, मी दार लावून घेते." आणि लावून घेतलं. शिकलेली सून मिळाली याचं मला त्या दिवशी बरं वाटलं.

कुत्रं सुधारलं. अंगावर तुकतुकी आली. एका सकाळी पायऱ्या एका उडीत चढून वर आलं, माझ्या डोळ्याला पाणी आलं. आणि मुलगा ओरडला, "बघितलं का आई? डाळ!"

आता मी काय बोलणार? बोलले तर पातेलं बंद, पातेलं बंद तर पाय बंद. गप्प बसले.

पण तो गप्प बसेना. मिलमध्ये सांगितलं, मोंढ्यात धान्याच्या बाजारात सांगितलं, किराण्याच्या दुकानात उभं राहून मोड आलेल्या मटकीवर भाषण दिलं. लोकं विचारायला घरी यायला लागली. एका बुधवारी मोंढा बंद म्हणून मिलला सुट्टी होती, तर कोपऱ्यावरचे रिटायर गुरुजी बायकोला घेऊन आले. त्यांची पांढरी कुत्री म्हातारी आहे. मुलाचं ऐकून त्यांनी तिची अंडी बंद केली होती.

गुरुजींची बायको म्हणाली, "परवापासून ती जिना चढंना झालीय. हे म्हणतात, सुरुवातीला असंच होतंय."

"होतंय," मुलगा म्हणाला. "धीर धरा. डाळ अंगी लागायला वेळ लागतोय."

माझा कप हातातच राहिला. एका कुत्र्यासाठी गप्प बसले होते, त्यात दुसऱ्याचे पाय जायची पाळी आली. मी तोंड उघडणार, एवढ्यात आमचं लेकरू मसुराच्या ताटलीवरून उठलं. तिला तोंडसुद्धा लावलं नव्हतं. सरळ अंगणात जाऊन भिंतीसमोर, शाळेतल्या पोरासारखं, शिस्तीत बसलं. पलीकडून पातेल्याचा आवाज आला. मागोमाग आपांचा, "वैनी, आज कलेजी हाय! महाराज मिलला गेले न्हवं?"

मोंढा बंद आहे हे आपांना कुठून कळणार!

मीच उठले. "बाई," गुरुजींच्या बायकोला म्हणलं, "आजच अंडं सुरू करा. घरी गेल्या गेल्या." आणि सगळ्यांच्या देखत पातेलं उतरवून लेकरासमोर ठेवलं. व्हायचं ते होऊ दे.

गुरुजींनी घसा साफ केला. "म्हणजे मग... डाळ?"

मुलगा पातेल्याकडं बघत होता. कुत्रं शेपटी हलवत खात होतं, मागचे दोन्ही पाय घट्ट रोवून. तो म्हणाला, "डाळ बेस असती, गुरुजी. पाया. त्याच्यावर मग थोडं..." आणि बोटानं भिंतीकडं दाखवलं.

पाहुणे गेले. मी पातेलं धुऊन भिंतीवर ठेवलं आणि आता हा काय म्हणतो म्हणून उभी राहिले.

"हे असं उन्हात असतंय?"

"हाव."

"कलेजी लगेच खराब होती," तो म्हणाला आणि बाहेर गेला. आला तो पत्र्याचा तुकडा घेऊन. पातेलं काठीनं बाजूला सारलं, हात लावला नाही, आणि भिंतीच्या मधोमध पत्र्याची सावली ठोकली. मग घसा खाकरून पलीकडं ऐकू जाईल असं म्हणाला, "आपा, डाळ पाठवून देतो. त्यात टाकत जावा. नुसती कलेजी उष्ण पडती."

"पाठवा की महाराज," आपा म्हणाल्या. "आज बुधवार. मसूर न्हवं का?"