टाळू म्हणजे नेमकी कोणती?

डॉ. यशोदा शिंदे यांच्याकडे मी दंतशास्त्र शिकायला आले, तेव्हा बंगळुरू मला नवे होते आणि पुण्याचा तोरा अंगात भरपूर होता. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या हातात वरच्या जबड्याचे प्लास्टरचे मॉडेल ठेवले. "नुसतं बघू नकोस, आतून बोट फिरव," एवढेच म्हणाल्या. सगळे विद्यार्थी त्यांना अक्का म्हणत. मीही म्हणू लागले.

तारा लावून दात सरळ झाले, एवढ्यावर अक्कांचे कधीच समाधान झाले नाही. दातांच्या आड टाळू किती रुंदावली, तिची खोली किती बदलली, हे मोजल्याशिवाय 'झाले' हा शब्द त्या तोंडातून काढत नसत. आता स्कॅनर आहे. आधीची आणि नंतरची टाळू पडद्यावर एकमेकींवर ठेवता येते. फरक मनासारखा नसला, तरी आकडा जसाच्या तसा मांडायचा, हा त्यांचा दंडक. त्यात आमचे कोणाचे लाड झाले नाहीत.

एकदा चामराजपेट भागातल्या एक मराठी बाई मुलीला घेऊन आल्या. मुलीची टाळू फार अरुंद होती. ती तोंडाने श्वास घेई आणि रात्रभर घोरे. अक्का म्हणाल्या, "टाळू स्वल्प रुंद करायची."

बाईंनी झटकन मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "नको अक्का! तान्ही होती तेव्हा तेल घालघालून भरलेली टाळू, आता कशाला उघडायची?" मुलीला ओढत त्या निघाल्याच.

आम्हाला हसू फुटले. अक्कांना नाही. जबड्याचे हाड सहज रुंदावण्याचे मुलीचे वय सरत आले होते. बाई गेल्या असत्या, तर परतल्या नसत्या. अक्का जिन्यापर्यंत मागे धावल्या आणि स्वतःचे तोंड उघडून त्यांनी बोटाने आतली टाळू दाखवली. "चूक माझी. शब्द एक, जागा दोन. डोक्याला कोण हात लावणार नाही."

"सरी, करा मग," बाई अखेर म्हणाल्या. परतल्यावर अक्कांनी आम्हाला सुनावले, "तिची भीती खरी होती. हसता कशाला?" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

उपचार संपल्यावर अक्कांनी आधीच्या आणि नंतरच्या टाळूची चित्रे पडद्यावर आणली. रुंदी चांगली वाढली होती. बाई मात्र तिकडे बघतच नव्हत्या. "आता घोरत नाही, अक्का. इतकी गप्प झोपती, की मीच उठून नाकाशी हात धरून बघते." अक्कांचे डोळे भरून आले.

अक्कांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. अजून कितीतरी आयांना निर्धास्त झोपायचे आहे.